मोठ्याने वाचून दाखवावे असा सोबती: बी.एड. करणाऱ्या साहित्यप्रेमींसाठी

बी.एड.च्या वर्गात साहित्याची मनापासून आवड असलेले विद्यार्थी दरवर्षी थोडेच असतात, आणि त्या थोड्यांना एकमेकांचा पत्ता लागेपर्यंत बहुधा पहिले सत्र संपत आलेले असते. सूक्ष्म अध्यापन म्हणजे वर्गमित्रांसमोरचे काही मिनिटांचे पाठ, टाचणे म्हणजे पाठांच्या लेखी योजना, तक्ते आणि सराव पाठ यांच्या धावपळीत कोणाच्या पिशवीत कवितेचे पुस्तक आहे हे पाहायला सवड मिळत नाही. मी गोव्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझ्या बी.एड.च्या वर्षात मला एक मैत्रीण मिळाली आणि आज मी वर्गात कविता ज्या रीतीने वाचते ती रीत निम्म्याहून अधिक तिच्यामुळे घडली आहे. अशी मैत्री नशिबाने मिळते असे पुष्कळांना वाटते, परंतु ती ठरवून जुळवता येते आणि ठरवून सांभाळताही येते, असा माझा अनुभव आहे.

माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगते. भावी शिक्षकांच्या साहित्यमैत्रीचा पाया एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आहे. दोघांचे आवडते लेखक एकच निघाले तर ओळख होते, गप्पा रंगतात, परंतु ती ओळख परीक्षांच्या दिवसांत सहज विरते. ज्याच्यासमोर आपण अडखळत, चुकत, पुन्हा पहिल्या ओळीवर जात वाचू शकतो तो सोबती मात्र राहतो. भाषेच्या शिक्षकाचे निम्मे काम त्याच्या आवाजावर चालते. पाठ्यपुस्तकातील कविता मुलांच्या कानी पहिल्यांदा पडते ती शिक्षकाच्या तोंडून, आणि ते पहिले वाचन फसले तर पुढचे सारे स्पष्टीकरण त्याची भरपाई करण्यात जाते. आपले वाचन कसे होते आहे हे आपल्याला स्वतःला ऐकू येत नाही; त्यासाठी दुसऱ्याचा कान लागतो.

सोबती कसा शोधावा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले, आणि त्या आराखड्यात पाठ्यांचे वाचन आणि त्यावरील चिंतन असा एक स्वतंत्र भाग आला. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते आणि असा तास नव्हता. ज्यांना तो आहे त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग करावा. त्या तासाला कोण काय मत मांडतो यापेक्षा कोण कसे वाचतो याकडे लक्ष द्यावे. एखाद्याने उतारा वाचताना एका शब्दापाशी क्षणभर थांबून तो शब्द जपून उच्चारला, तर तास संपल्यावर त्याच्याकडे जाऊन तेवढाच उतारा पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती करावी. तुम्हाला वाचनाची आवड आहे का, या प्रश्नाला सगळेच होकार देतात, म्हणून तो विचारण्यात फारसा अर्थ नाही.

मराठी अध्यापन पद्धती घेतलेल्यांपुरता शोध मर्यादित ठेवू नये. गणित किंवा विज्ञान घेतलेला, पण घरी कथा-कादंबऱ्या वाचणारा सोबती अनेकदा अधिक मोलाचा ठरतो, कारण त्याला समीक्षेची परिभाषा माहीत नसते आणि कवितेत जे कळले नाही ते कळले नाही असे तो सरळ सांगतो. वर्गातील मूलही नेमके तेच सांगणार असते. गोव्यात आणखी एक सोय आहे, ती म्हणजे प्रवासाची. पेडणे, सत्तरी, काणकोण अशा लांबच्या तालुक्यांतून पणजीला किंवा फोंड्याला रोज येणारे विद्यार्थी कदंब या सरकारी बसमध्ये दिवसाचे दोन-तीन तास घालवतात. एकाच मार्गावरचा वाचणारा सोबती मिळाला तर भेटीसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. गट दोघांचा किंवा तिघांचा असावा. संख्या चारवर गेली की कोणीतरी फक्त ऐकणारा होतो, आणि फक्त ऐकणारा हळूहळू येईनासा होतो.

पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा यांच्या नावाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सोळाव्या शतकात मराठीत कृष्णकथा ओवीबद्ध करणाऱ्या गोमंतकीय लेखकाचे नाव त्याला दिलेले आहे आणि त्या ग्रंथालयाचा आरंभ 1832 सालचा आहे. ते कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून पुस्तके आणण्यास सोयीचे. वाचनकक्षात मोठ्याने वाचता येत नाही हे उघड आहे; पुस्तक तेथून घ्यावे आणि वाचन मांडवी नदीच्या काठी करावे. जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत मात्र उघड्यावरचे सगळे बेत कोसळतात, तेव्हा महाविद्यालयातील एखादा रिकामा वर्ग आधीच रीतसर परवानगी घेऊन ठरवून ठेवावा. दिवस आणि वेळ पक्की असावी. आठवड्यातून एक तास पुरतो. त्यातील चाळीस मिनिटे वाचनाला आणि उरलेली बोलण्याला ठेवावीत. हा क्रम उलटा झाला की गप्पा उरतात आणि वाचन संपते.

काय वाचावे आणि कसे

सुरुवात शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून करावी. साहित्यप्रेमी विद्यार्थ्याला हे थोडे कमीपणाचे वाटते. त्याला मोठ्या कादंबऱ्यांविषयी बोलायचे असते. परंतु तुम्हाला नोकरीत वर्षानुवर्षे नववी-दहावीच्या पुस्तकातील त्याच कविता वाचाव्या लागणार आहेत, आणि त्या तुमच्या तोंडून कंटाळवाण्या निघाल्या तर घरी वाचलेल्या कादंबऱ्यांचा वर्गाला काही उपयोग होत नाही.

अभंगाचे उदाहरण घेते, कारण गोव्यात त्याची अडचण निराळी आहे. आपल्या गावागावांतून देवळात भजन होते. वर्गातील कित्येक मुले पखवाज वाजवतात, चाली जाणतात, आणि शिक्षकाने अभंगाची पहिली ओळ वाचताच ती चाल त्यांच्या ओठांवर येते. ही शिक्षकाला मिळालेली मोठी देणगी आहे. मात्र चाल इतकी सवयीची असते की शब्द कानांवरून निघून जातात, आणि छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, स्वतःही नकळत त्या चालीत वाचू लागतो. यावर उपाय असा की सोबत्यासमोर बसून आधी अक्षरे मोजावीत. मोठ्या अभंगाच्या एका चौकात, म्हणजे कडव्यात, चार चरण असतात, पहिल्या तिन्हींत प्रत्येकी सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, अशी एकूण बावीस. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी येते. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने बोटांनी बाकावर अक्षरे धरावीत. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड पडतो तेथे जी रिकामी जागा उरते, तेथे आवाज थांबला पाहिजे, कारण अभंगातील म्हणणे बहुधा त्या आखूड चरणात येऊन टेकलेले असते. मग तोच अभंग चालीशिवाय, साध्या बोलण्याच्या स्वरात वाचावा, आणि शेवटी चालीत म्हणावा. तिन्ही वाचने झाली की वर्गात कोणते कोठे वापरायचे हे दोघांना मिळून ठरवता येते. माझे मत असे की आधी साधे वाचन करावे, अर्थ बोलून घ्यावा आणि चाल तासाच्या शेवटासाठी राखून ठेवावी, म्हणजे मुले म्हणू लागतात तेव्हा काय म्हणत आहेत हे त्यांना ठाऊक असते.

मुक्तछंदातील कवितेत अक्षरांचा आधार नसतो. तेथे ओळ कोठे तुटली आहे हाच आधार. प्रत्येक ओळीच्या शेवटी किती थांबावे यावर दोघांचे मतभेद होतील आणि ते होऊ द्यावेत. गद्य उतारा वाचताना श्वास कोठे घ्यायचा त्या जागा पेन्सिलने खुणावून ठेवाव्यात, अर्थात स्वतःच्या प्रतीवर. ग्रंथालयाच्या पुस्तकावर कधीही नाही.

उच्चारांसाठी एक छोटा सराव सांगते. च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा हे दोन शब्द लिहायला एकच आहेत, म्हणायला दोन. 'चार' ही संख्या आणि 'चारा' यांच्या आरंभीचा च एक नाही. कवितेत असे शब्द आले की अर्थ ठरवल्याशिवाय ते वाचताच येत नाहीत. सोबत्याने पुस्तक मिटून केवळ ऐकावे आणि कोणता अर्थ कानी आला ते सांगावे.

घरची कोकणी, पुस्तकातली मराठी

गोव्यातील मैत्रीत भाषेचा प्रश्न येतोच. बहुतेकांच्या घरी कोकणी, वाचन मराठीत, महाविद्यालयातील व्याख्याने इंग्रजीत, अशी तीन भाषांची वस्ती एकाच माणसात असते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्या आधीचा आणि नंतरचा वाद अनेक घरांनी पाहिला आहे, आणि दोन मित्रांच्या घरांतील भूमिका परस्परविरुद्ध असू शकतात. वाचनाच्या तासात तो वाद सोडवायला घेऊ नये. त्यापेक्षा दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी ठेवून वाचावा. बा. भ. बोरकर यांनी गोव्यात शिक्षक म्हणून काम केले, मराठीत आणि कोकणीत दोन्हींत कविता लिहिली, आणि 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना कोकणी काव्यासाठी मिळाला. शिक्षकाच्या आयुष्यात दोन भाषा सुखाने नांदू शकतात याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे शोधण्याची गरज नाही.

माझी मैत्रीण घरी पूर्णपणे कोकणी बोलणारी होती. मराठी लिहिताना तिला लिंगाबाबत शंका येत आणि ती संकोचे. एकदा आम्ही जुन्या छपाईचे एक पुस्तक वाचत होतो. त्यात 'तें', 'जें', 'झालें' असे अनुस्वार होते, जे मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांनंतर लेखनातून गेले. मी ते डोळ्यांनी ओलांडून वाचत होते, जसे मला शाळेत शिकवले होते. तिने मात्र ते अनुनासिक उच्चारले, कारण कोकणीत 'तें' आजही नाकातूनच येते, आणि त्या ओळी माझ्या कानाला अगदी नव्या वाटल्या. प्रमाण मराठीने बोलण्यातून घालवलेला एक स्वर तिच्या घरच्या बोलीत जिवंत होता. त्या दिवसापासून जुना मजकूर वाचण्याचे काम तिच्याकडे गेले आणि तिचा संकोचही कमी झाला. ज्या सोबत्याची घरची बोली वेगळी आहे त्याला नुसते शुद्ध करत बसू नये. त्याच्या कानाला काय ऐकू येते ते आधी विचारावे.

चूक कशी सांगावी

या मैत्रीतील सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि यात मी स्वतः मोठी चूक केलेली आहे. एका सराव पाठानंतर, मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर आणि वर्गमित्रांसमोर, मी माझ्या मैत्रिणीचे तीन उच्चार चुकल्याचे मोजून सांगितले. तिन्ही निरीक्षणे बरोबर होती. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिने माझ्यासमोर काहीही वाचले नाही. मी क्षमा मागितली तेव्हा ती काही नाही असे म्हणाली आणि विषय बदलला. शेवटी मी एक दीर्घ उतारा घेऊन तिच्याकडे गेले, जो मला खरोखर जमत नव्हता, आणि तिला तो ऐकून माझ्या चुका लिहून देण्याची विनंती केली. तिने दोन पाने भरून लिहिले. मग आमचे वाचन पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: खासगीत ऐकलेले चारचौघांत सांगायचे नाही, आणि चारचौघांत ऐकलेले खासगीत सांगायचे.

सूक्ष्म अध्यापनाच्या भारतीय प्रतिमानात पूर्ण चक्र छत्तीस मिनिटांचे असते: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणे, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. यात मित्रच विद्यार्थी होतात आणि मित्रच निरीक्षक होतात. प्रत्याभरणाची पहिली सहा मिनिटे येतात तेव्हा बहुतेक जण 'छान झाला' म्हणून मोकळे होतात, कारण पुढची पाळी त्यांची असते. साहित्यमित्रांनी तसे करू नये. पाठ सुरू होण्याआधीच एकमेकांना सांगून ठेवावे की आज कोणत्या एकाच गोष्टीकडे पाहायचे: प्रश्न विचारणे, फलकलेखन किंवा कवितेचे आदर्श वाचन. निरीक्षकाने विशेषणे टाळून घडले तेच लिहावे. 'प्रश्न कमकुवत होते' या शेऱ्याने काही कळत नाही. 'तू चार वेळा समजले का असे विचारलेस आणि चारही वेळा उत्तर येण्याआधी पुढे गेलीस' असे लिहिले की पुढच्या बारा मिनिटांत काय बदलायचे ते कळते. प्रश्न विचारल्यानंतर निदान तीन सेकंद थांबावे असे अध्यापनशास्त्र सांगते. ती तीन सेकंदे वर्गासमोर उभे असताना फार लांब वाटतात, म्हणून मागे बसलेल्या सोबत्याने बोटे मोजून दाखवण्याची खूण ठरवून ठेवावी.

टाचण मात्र उसने देऊ नये आणि मागू नये. कवितेचा तुम्हाला लागलेला अर्थ मित्राला अवश्य सांगावा, त्याने तो वर्गात वापरला तर आनंद मानावा, आणि त्याचा अर्थ तुम्ही वापरलात तर तो कोणाचा हे मुलांना सांगावे. 'माझ्या मैत्रिणीला ही ओळ अशी दिसली' असे शिक्षिका वर्गात म्हणते तेव्हा कवितेचे एकाहून अधिक अर्थ असू शकतात हे मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक छोटी वही ठेवावी, तारीख लिहावी, आणि मागायला संकोच करू नये. न परतलेल्या पुस्तकाने तुटलेल्या मैत्र्या मी पाहिल्या आहेत.

वेगवेगळ्या शाळांत

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, असते आणि तेव्हा सोबती बहुधा वेगवेगळ्या शाळांत जातात. मैत्रीची खरी कसोटी येथे लागते. या काळात भेटीचा हट्ट धरू नये. दिवसभर वर्ग घेऊन माणूस थकलेला असतो. त्याऐवजी एकच कविता दोघांनी आपापल्या शाळेत शिकवावी आणि वर्गात काय घडले ते त्याच रात्री अर्धे पान लिहून ठेवावे. मुलांची वाक्ये जशीच्या तशी, त्यांच्या कोकणी-मराठी मिश्रणासह लिहावीत, त्यांची नावे न लिहिता. पंधरा दिवसांनी दोन्ही पाने शेजारी ठेवली की एकाच कवितेने शहरातील आणि खेड्यातील वर्गात काय केले हे दिसते, आणि आपली कोणती कल्पना केवळ आपल्याच वर्गात चालली हेही कळते. गावातील जत्रेला मराठी नाटक असेल तर ते दोघांनी मिळून पाहावे. स्थानिक कलाकार सूक्ष्म आवाजातील वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवतात हे तेथे ऐकायला मिळते, आणि मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवण्याची अडचण प्रत्येक नव्या शिक्षकाला असते.

पदवी मिळाल्यानंतर दोघेही त्याच जागांसाठी अर्ज करतात. विशेषतः मराठीच्या जागा थोड्या असल्याने एकाच शाळेच्या मुलाखतीच्या बाकावर दोघे शेजारी बसण्याचा प्रसंग येऊ शकतो. तो टाळता येत नाही, परंतु लपवणे टाळता येते. अर्ज कोठे केला हे एकमेकांना आधीच सांगावे, आणि मुलाखतीआधीच्या आठवड्यातही वाचनाचा तास चुकवू नये. आमच्यापैकी एकीला आधी नोकरी लागली, दुसरीला दीड वर्ष थांबावे लागले. त्या दीड वर्षात नोकरी लागलेलीने शाळेच्या गमती सांगण्याऐवजी उद्या शिकवायची कविता फोनवर वाचून दाखवायची आणि दुसरीने ती ऐकून सुधारायची, असे आम्ही ठरवले. त्यामुळे थांबलेलीला आपण कामाबाहेर पडलो आहोत असे वाटले नाही. थांबलेली मी होते.

नोकरी लागल्यावर तास आठवड्याचा राहत नाही, हे मान्य करून टाकावे. महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, वीस मिनिटे पुरतात. दोघांनी सोमवारच्या पाठातील एकेक उतारा वाचावा आणि फोन ठेवावा. गणेश चवथीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात प्रत्यक्ष भेटावे, आणि त्या भेटीत पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून ज्याचा शाळेशी काही संबंध नाही असे काही वाचावे. यंदा पुस्तक निवडण्याची पाळी माझी आहे. तिने मे महिन्यातच बजावले आहे की ते जुन्या छपाईचे, अनुस्वार असलेले हवे, आणि वाचणार ती.